आधी पाणी, मग प्राणी

रत्नागिरीस येणारा प्रवासी रत्नदुर्ग पाहतो, थिबा राजाचा वाडा पाहतो आणि बहुधा मत्स्यालयाकडेही वळतो. 1958 साली स्थापन झालेल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे हे मत्स्यालय होय. काचेपलीकडे संथपणे विहरणारे मासे पाहून मुले भान विसरतात. घरी परतताना पुष्कळांच्या मनात एकच विचार घोळत असतो : असा एखादा लहानसा जलाशय आपल्या घरी असता तर!

ही इच्छा पुरी होण्यासारखी आहे. गोड्या पाण्यातील इवल्या झिंग्यांसाठी पाणवनस्पतींची एक पेटी थोड्या खर्चात सिद्ध करता येते. मात्र तिची एक अट आहे आणि ती पैशाची नसून धीराची आहे. उत्साहाच्या भरात एखादा मुलगा सकाळी पेटी आणतो, दुपारी पाणी भरतो आणि सायंकाळी त्यात झिंगे सोडतो. पाणी आरशासारखे नितळ असते. तरीही काही दिवसांतच झिंगे एकेक करून मरून पडतात. असे का व्हावे?

झिंग्यांच्या मलमूत्रापासून आणि उरलेले अन्न कुजल्यामुळे पाण्यात अमोनिया उत्पन्न होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण जलचरांना विषासमान असतो. निसर्गाने त्यावर उपाय योजला आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात; दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे तुलनेने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात आणि वनस्पती ते खत म्हणून शोषून घेतात. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास या जिवाणूंचे कार्य उलगडून दाखविले. नव्या पेटीत हे अदृश्य सेवक पुरेसे नसतात. वाळूवर, दगडांवर व गाळणीच्या स्पंजावर त्यांची वस्ती होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

सजीवांचे हे परस्परावलंबन लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानेही अनुभवले होते. त्याने पाण्याच्या भांड्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने त्यात तळ्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी पुन्हा निवळले. हे निरीक्षण त्याने 1850 साली प्रसिद्ध केले.

आता आपल्या पेटीकडे वळू. 45 सेंटिमीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद व तितकीच उंच पेटी पुरेशी होते. तिच्यात सुमारे 40 लिटर पाणी मावते. म्हणून ती भक्कम बैठकीवर आणि थेट ऊन न लागणाऱ्या जागी ठेवावी. पाणी तीस अंशांहून अधिक तापले तर झिंगे कासावीस होतात, आणि कोकणातील उन्हाळ्यात ही काळजी विशेष घ्यावी लागते.

मांडवीच्या किनाऱ्यावरील काळी वाळू मनास मोह घालते. परंतु समुद्राच्या वाळूत मीठ असते. त्याऐवजी नदीची जाडसर वाळू निवळ पाणी येईपर्यंत धुऊन घ्यावी व तिचा चार-पाच सेंटिमीटरचा थर द्यावा. त्यात व्हॅलिस्नेरिया लावावी, दगडावर जावा मॉस नावाचे शेवाळ दोऱ्याने बांधावे आणि हवेच्या लहान पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी बसवावी.

पाण्याची निवडही डोळसपणे करावी. नळाचे पाणी निदान एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जातो. जांभ्या दगडातील विहिरीच्या पाण्यात चुन्याचा अंश बहुधा कमी असतो. झिंग्यांच्या कवचाला तर चुना हवा. त्यासाठी उकळून स्वच्छ केलेल्या कालवाच्या दोन-चार शिंपा पेटीत ठेवाव्यात. तांब्याच्या हंड्यातील पाणी मात्र मुळीच वापरू नये. झिंग्यांच्या रक्तात अल्प प्रमाणात तांबे असते खरे, पण पाण्यात उतरलेले तांबे त्यांच्या जिवावर बेतते. आंब्याच्या बागेत फवारणी करून आलेला हातही या पाण्यात बुडवू नये.

यानंतर थांबावे. रिकाम्या पेटीत दोन-तीन दिवसांनी चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळते. पाणी तपासण्याचे संच दुकानात मिळतात. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्यावर आली, म्हणजे घर तयार झाले असे समजावे. मग दहा-बारा झिंगे आणावेत आणि पेटीतील पाणी त्यांच्या भांड्यात थेंबथेंब मिसळून तासा-दोन तासांनी त्यांना आत सोडावे.

दुकानात 'चेरी श्रिंप' या नावाने मिळणारे तांबडे झिंगे मूळचे पूर्व आशियातील. ते शेवाळ खातात. देशी बदामाचे वाळलेले पानही आवडीने कुरतडतात. एके दिवशी तळाशी पारदर्शक देह पडलेला दिसेल. तो मेलेला झिंगा नसून त्याने टाकलेली कात असते. ती तशीच राहू द्यावी. झिंगे ती खाऊन त्यातील चुना परत मिळवितात. मादी अंडी पोटाखाली वागवते आणि पायांनी त्यांना सतत वारा घालते. तीन-चार आठवड्यांनी काही मिलिमीटर लांबीची, हुबेहूब आईसारखी पिले बाहेर पडतात. गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीच्या पिलांना मात्र आरंभी मचूळ पाणी लागते. शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञाने 1961 च्या सुमारास मलेशियात हे शोधून काढले, आणि त्यामुळे कोळंबीच्या शेतीचा मार्ग मोकळा झाला.

झिंग्यांची संख्या वाढली म्हणजे ते काजळी नदीत किंवा घराजवळच्या पऱ्यात सोडण्याचा मोह होतो. दयेपोटी केलेले हे कृत्य घातक ठरू शकते. परके जीव आपल्याबरोबर रोग आणतात आणि मूळच्या जीवांच्या अन्नात व जागेत वाटेकरी होतात. जादा झिंगे मित्रांना द्यावेत. पेटीतील पाणी बागेतील झाडांना घालावे, ओढ्यात ओतू नये. ज्याने एका पेटीतील पाण्यासाठी सहा आठवडे वाट पाहिली, त्याला नदी तयार होण्यास किती काळ लागला असेल, याची कल्पना सहज करता येईल.

स्वाध्याय

1. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही झिंगे का मरतात?
2. वॉरिंग्टनच्या भांड्यातील पाणी पुन्हा कसे निवळले?
3. तांब्याच्या हंड्यातील पाणी पेटीत का वापरू नये?
4. 'आधी पाणी, मग प्राणी' या शीर्षकाची समर्पकता पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.