संततिनियमन : भार कोणाच्या शिरी?

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. त्यापायी प्राध्यापकी गेली. रिद्धपूरसारख्या आपल्या वऱ्हाडी गावांत मात्र ‘ऑपरेशन’ म्हटले की बाईचेच समजतात! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्रीनसबंदी ३७.९ टक्के, पुरुषनसबंदी अवघी ०.३. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी. पोट उघडावे लागत नाही, पुरुषत्वालाही बाध येत नाही. केवळ शुक्रवाहिनी बंद करतात. परिणामाला सुमारे तीन महिने लागतात. तोवर निरोध वापरून मग वीर्यतपासणी करावी. पुरुष म्हणून जगणाऱ्या, पण गर्भाशय असलेल्या व्यक्तीलाही दिवस राहू शकतात. टेस्टोस्टेरॉन गर्भनिरोधक नव्हे. तांबी बसवली तरी गुप्तरोगांसाठी निरोध लागतोच.