तलाकनंतर मुलाचे उत्पन्न कोणाच्या हिशेबात?

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांत घर मोडले की मेहर, इद्दतचा खर्च आणि मुले कोणाजवळ राहणार, यांवर बैठका होतात. मुलाच्या नावावरील मिळकतीचा कर कोणी भरायचा, हा प्रश्न मात्र कोणी काढीत नाही. तो पुढे नोटीस आल्यावर निघतो, आणि तेव्हा दोन्ही घरांत बोलणे बंद झालेले असते.

अज्ञान मुलाचे, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवावे, अशी तरतूद १९९२ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ६४ मध्ये घातली. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिले. निकाह कायम असेतो आई आणि वडील यांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात ते धरतात. तलाक झाल्यावर हा नियम बदलतो. मग जास्त कमाई कोणाची, हे पाहत नाहीत. त्या आर्थिक वर्षात मुलाचा सांभाळ कोणी केला, हे पाहतात.

एक उदाहरण घेऊ. आजोबांनी नातवाला एक गाळा हिबा केला आहे. भाडे महिना ४,००० रुपये, वर्षाचे ४८,००० रुपये. नगरपालिकेचा कर भाडेकरू भरतो असे धरू. घरभाड्यावरील ३० टक्क्यांची ठरीव वजावट १४,४०० रुपये गेली की ३३,६०० रुपये उरतात. वडील मोठे व्यापारी, आई शिलाईकाम करून मुलाला स्वतः पोसते. अशा वेळी ही रक्कम आईच्या उत्पन्नात जाईल, आणि तिची कमाई करपात्र मर्यादेच्या आत असेल तर कर शून्य. जुन्या सवयीने ती वडिलांच्या विवरणात घातली, तर कर विनाकारण भरला जाईल. दोघांनीही सोडून दिली, तर उत्तर दोघांना द्यावे लागेल.

मूल आईजवळ राहते, पण फी, कपडे, दवाखाना सारे वडील भरतात, असेही असते. कायद्याचा शब्द ताब्याचा नसून सांभाळाचा आहे, म्हणून तेथे उत्पन्न वडिलांकडे जाते. दोघेही खर्च करीत असतील, तर मुख्य भार कोणावर हे कागदावरून दिसले पाहिजे. एकदा उत्पन्न एका पालकाकडे धरले गेले, की पुढील वर्षी ते दुसऱ्याकडे टाकण्यापूर्वी अधिकाऱ्याला त्या पालकाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. म्हणून पहिले वर्षच नीट लिहावे.

मुलाने स्वतःच्या हातच्या मेहनतीने किंवा हुनराने मिळवलेली कमाई पालकाकडे धरत नाहीत. सोळा वर्षांच्या मुलाने जरीकामातून कमावले तर ते त्याचेच. मात्र ती रक्कम गुंतवून पुढे जी मिळकत होईल, ती पालकाकडे येते.

सवलतींचेही पाहू. जुन्या करपद्धतीत पालकाकडे धरलेल्या उत्पन्नातून प्रत्येक मुलामागे १,५०० रुपयांपर्यंत सूट आहे. दोन मुलांच्या शिक्षण शुल्काची वजावट १,५०,००० रुपयांच्या एकूण मर्यादेत मिळते, आणि ती ज्याने फी भरली त्याला मिळते. पावतीवर त्याचे नाव हवे. देणगी व विकास निधी यात बसत नाही. नव्या करपद्धतीत या दोन्ही सवलती नाहीत. मुलाच्या खर्चासाठी दिलेला नफका वडिलांच्या उत्पन्नातून वजा होत नाही. तो दुकानाच्या खर्चात लिहू नये.

कर वाचतो म्हणून नफक्यातून हात काढणे मात्र चालणार नाही. नूर सबा खातून खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मुले आईजवळ असली तरी ती सज्ञान होईतो किंवा स्वतःच्या पायावर उभी राहीतो, आणि मुलींच्या बाबतीत त्यांचा विवाह होईतो, ऐपतदार वडिलांवर त्यांच्या पोषणाची जबाबदारी आहे. शरीअतही हेच सांगते.

म्हणून तलाकच्या लेखी समझोत्यात तीन ओळी जास्त लिहाव्यात: सांभाळ कोण करणार, फी कोण भरणार, मुलाच्या मिळकतीचे विवरण कोण देणार. नफका रोखीने न देता बँकेतून द्यावा. गिऱ्हाइकाशी उधारीचा व्यवहार आम्ही लिहून ठेवतो. मुलाच्या हक्काचा हिशेब तोंडी ठेवणे शोभत नाही.