भोकाचा पैसा
(दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील पेण-रोहे व महागाईचा अभ्यास)

विद्यार्थीमित्रहो, आपल्या घरातील जुनी पेटी, देव्हाऱ्यामागील डबी किंवा आजीची चंची एकदा उलगडून पाहा. पुष्कळ घरी तीत तांब्याच्या रंगाचे, मध्ये मोठे वाटोळे भोक असलेले एक नाणे निघते. त्यावर राजाचा मुखवटा नाही. भोकाच्या वरच्या अंगास मुकुट तेवढा आहे. हा 1943 साली निघालेला पैसा. त्याच्या आधीचा पैसा 75 ग्रेन वजनाचा होता, हा अवघा 30 ग्रेनांचा. पोटातले तांबे काढून घेतलेला हा पैसा म्हणजे त्या काळाचे एक लहानसे चित्रच आहे. म्हणून प्रस्तुत पाठाचा आरंभ त्याच्यापासून करतो.

3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले. लोकप्रतिनिधींस विचारण्यात आले नाही. मुंबई इलाख्यातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने त्यानंतर थोड्याच काळात राजीनामा दिला. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव 1981 सालचे. पेण-रोह्यास लोहमार्ग नव्हता. खाड्या, मचवे, आगबोटी, बैलगाड्या आणि थोड्या मोटारी यांवर सारी ये-जा चाले. शेजारचे पाली भोर संस्थानात आणि मुरूड जंजिरा संस्थानात असल्याने चार कोसांवर राज्य बदलत असे. अशा आडबाजूच्या मुलखास युरोपातील लढाईची झळ कशी लागावी, असे कोणासही वाटले असते. ती लागली, आणि प्रथम लागली ती कनवटीच्या पैशाला.

त्या वेळचा रुपया चांदीचा, एक तोळा वजनाचा होता. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. आगरी, कोळी व कुणबी घरांतून असे रुपये गाडग्यात पुरून ठेवण्याची अथवा गळ्यात ओवून घालण्याची चाल होती. युद्ध सुरू होताच लोक नोटा देऊन रुपये मागू लागले व ते घरात दडवू लागले. म्हणून 1940 साली सरकारने एक रुपयाची नोट पुन्हा काढली आणि नव्या रुपयात चांदी निम्मीच ठेवली. पुढे 1941 साली राणी व्हिक्टोरियाचा, 1942 साली सातव्या एडवर्डचा व 1943 साली पंचम जॉर्जचा जुना चांदीचा रुपया व्यवहारातून रद्द झाला. ज्या बाईने आयुष्यभर राणीछाप रुपये साठविले, तिला ते देऊन कागद घ्यावयाचा, हे समजावून सांगणे काही सोपे नव्हते. ज्यांनी ते दिले नाहीत त्यांचा तोटा झाला नाही, ही गोष्ट वेगळी. कारण चांदीची किंमत पुढे वाढतच गेली. तांब्याचीही तीच गत झाली. काडतुसांस व यंत्रांस तांबे लागे, शिवाय सुटी नाणी बाजारातून नाहीशी होऊ लागली, तेव्हा पैशाला भोक पडले. पोरे तो पैसा दोऱ्यात ओवीत.

आता दूरची एक गोष्ट पाहू. त्याच 1943 साली अमेरिकेसारख्या धनाढ्य देशानेही आपला एक सेंटचा तांब्याचा पैसा बंद करून पोलादाचा, वर जस्ताचा मुलामा दिलेला पैसा काढला. तेथे 1942 च्या एप्रिलमध्ये सरकारने बहुतेक मालाच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. मे महिन्यात साखर, नोव्हेंबरात कॉफी तोलून मिळू लागली. प्रत्येकाच्या हाती शिध्याच्या तिकिटांचे पुस्तक आले. लोकांनी परसात भाजी लावली. 1943 च्या जानेवारीत कापून ठेवलेला पाव विकण्यासही मनाई झाली. मार्चमध्ये मात्र ती उठवावी लागली, इतका गृहिणींचा राग अनावर झाला. आपल्याकडे ज्यांस पावच ठाऊक नव्हता त्यांना ही तक्रार ऐकून हसू आले असते. परंतु तुलना येथेच संपते. तिकडे पोट भरलेलेच होते. इकडे बंगालमध्ये त्याच वर्षी लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली.

महागाई म्हणजे काय, हे उदाहरणाने समजून घ्या. समजा, पेणच्या बाजारात शंभर मण तांदूळ आहे आणि तो घेणाऱ्यांजवळ मिळून पाचशे रुपये आहेत. मणास पाच रुपये भाव पडेल. आता लोकांच्या हाती हजार रुपये आले, आणि तांदूळ मात्र ऐंशी मणच उरला. भाव साडेबारा होईल. तांदूळ तोच, भूक तीच; बिघडला तो दोहोंतील मेळ. युद्धकाळात नेमके हेच दोन्ही अंगांनी घडले.

तांदूळ कमी का झाला? 8 मार्च 1942 रोजी जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. मुंबईची मोठी भिस्त त्याच तांदळावर होती. रॉकेलही तिकडून येई, म्हणून दिव्यांचेही हाल झाले. मुंबईत 2 मे 1943 पासून धान्याचे शिधावाटप सुरू झाले. हिंदुस्थानातील मोठ्या शहरांत हा पहिलाच प्रयोग, आणि तो बऱ्याच अंशी यशस्वी झाला. पण शहराला मापून द्यावयाचे धान्य कोठून तरी आणावयास हवे. ते आमच्यासारख्या भातपिकाच्या मुलखातून आले. शेतकऱ्याच्या खळ्यावर लेव्ही बसली, आणि परवान्यावाचून धान्य हद्दीपलीकडे नेण्यास बंदी झाली. ‘कंट्रोल’ हा इंग्रजी शब्द त्याच सुमारास आमच्या बायाबापड्यांच्या तोंडी बसला, तो अजून गेलेला नाही.

भाव वाढले म्हणजे शेतकऱ्याची चंगळ झाली असेल, असा तर्क कोणी करील. ज्याच्याजवळ स्वतःच्या जमिनीचे भात होते त्याचे थोडेफार कर्ज फिटले, हे खरे. परंतु आमच्या खारेपाटात व डोंगरवाटेस कूळच अधिक. त्याच्या भाताचा मोठा वाटा खळ्यावरच खोताकडे वा सावकाराकडे जाई. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली 1933 पासून सहा वर्षे संप केला तो ह्याच दुःखासाठी. असे कूळ ज्येष्ठ-आषाढात स्वतःच धान्य विकत घेई, तेही वाढलेल्या भावाने. आदिवासी मजुराजवळ तर विकण्यास अंगमेहनतीवाचून काहीच नव्हते. कर्जत तालुक्यात भाई कोतवाल यांनी अशा लोकांसाठी धान्यकोठ्या उघडल्या. पवित्र शास्त्रातील योसेफाने मिसर देशात सुबत्तेच्या वर्षांत धान्य साठविल्याची कथा आपण वर्गात वाचतो; भाई कोतवालांनी राजाच्या हुकमावाचून, उपाशी माणसांच्या हातूनच ती कोठी उभी केली. पुढे ते 1942 च्या चळवळीत भूमिगत झाले आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात त्यांना मरण आले.

आता पैसा का वाढला, ते पाहू. इंग्लंड सरकार हिंदुस्थानात सैन्यासाठी कापड, अन्न, लाकूड, कातडे असा अगणित माल घेत होते. त्याची किंमत येथे रोख न देता लंडनमध्ये स्टर्लिंगच्या हिशेबी आपल्या नावे जमा करीत. त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथे नोटा छापी व त्यांतून व्यापाऱ्यांचे पैसे चुकते होत. माल देशाबाहेर किंवा सैन्याकडे जाई. नोटा मात्र बाजारात राहत. युद्धारंभी सुमारे 180 कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. युद्ध संपता संपता त्या 1100 कोटींच्या वर गेल्या. घाऊक भाव सरासरीने जवळजवळ अडीचपट झाले. कापडासाठी 1943 साली नियंत्रणाचा हुकूम निघाला. कागद इतका दुर्मिळ झाला की वर्तमानपत्रांस पाने कमी करावी लागली. ठराविक पगाराचे शिक्षक, तलाठी, कारकून यांच्या घरचे हाल सर्वांत अबोल होते, असे आम्हांस वाटते. त्यांस ना भात विकावयाचे होते, ना मजुरी वाढवून मागावयाची.

ह्या हिशेबाशी आपल्या दोन तालुक्यांचा फार जवळचा संबंध आहे. पेण तालुक्यातील गागोदे गावी 1895 साली जन्मलेले विनोबा भावे यांस गांधीजींनी 1940 साली पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडले. 17 ऑक्टोबर रोजी त्यांनी पवनार येथे युद्धाविरुद्ध भाषण केले. ह्या युद्धास माणसांची अथवा पैशांची मदत करू नये, हे त्यांचे सांगणे होते, आणि त्यासाठी त्यांनी तुरुंग पत्करला. दुसरे चिंतामणराव देशमुख. जन्म 1896 चा, महाडजवळील नाते गावचा; पण त्यांचे नाव रोह्याशी कायमचे जोडले गेले आहे. 11 ऑगस्ट 1943 रोजी ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. म्हणजे रोह्याच्या बाजारात मासळी विकणाऱ्या कोळिणीच्या हाती त्यानंतर रिझर्व्ह बँकेची जी नवी नोट येई, तिच्यावर घरच्याच माणसाची सही असे. एकाने पैसा देऊ नका म्हटले, दुसऱ्याने दिलेल्या पैशाचा हिशेब ठेवला. ह्यांत कोणाचे बरोबर, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. मात्र 1944 च्या जुलैत अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे राष्ट्रांची आर्थिक परिषद भरली, तेव्हा तेथील हिंदी प्रतिनिधींत चिंतामणराव होते, आणि लंडनमध्ये अडकलेल्या ह्या आपल्या येण्याचा प्रश्न प्रतिनिधींनी तेथे मांडला, हे विसरता येत नाही.

बातम्यांचे काय? रेडिओ एखाद्या सधन घरी असे व त्याभोवती आळी जमे. बी. बी. सी.ने 1942 साली मराठीतून बातम्या सुरू केल्या. त्याच वर्षी ऑगस्टपासून नोव्हेंबरापर्यंत उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. सुभाषबाबूंचे भाषणही परदेशाहून ऐकू येई. खरे कोणते नि खोटे कोणते, हे ठरविणे कठीण होते. 14 एप्रिल 1944 रोजी दुपारी चार वाजून गेल्यावर मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ ह्या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. स्फोटाचा आवाज पन्नास मैलांपर्यंत गेल्याचे नमूद आहे. पेण गोदीपासून सरळ रेषेत बावीस-तेवीस मैल आणि रोहे चाळीस मैल. गोदीत व मशीद बंदरावर आमच्या जिल्ह्यातील कितीतरी माणसे हमालीस होती. शेकडो लोक मेले, कोठारांतील धान्यही जळाले. पण जपानी ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी जे सांगितले, ते छापून धाडण्याची मोकळीक आपल्या वार्ताहरांस मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. मधल्या काळात घरोघर लोक मुंबईहून येणाऱ्या बोटीची वाट पाहत बसले असतील, याची कल्पनाच करावी.

करमणूक मात्र थांबली नाही. कीर्तन, भजन, शिमग्याचे खेळ, रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी हे सारे चालू राहिले. त्यांस ना पेट्रोल लागे ना परवाना. बोलपटांस लागे. कच्ची फिल्म कमी पडल्याने चित्रपटाची लांबी 11,000 फुटांवर आणली गेली, आणि 1943 पासून प्रत्येक खेळाबरोबर सरकारी युद्धपट दाखविण्याची सक्ती झाली. प्रभातचा ‘शेजारी’ 1941 सालचा व ‘रामशास्त्री’ 1944 सालचा. हे दोन्ही युद्धकाळातच निघाले. आगाऊ सांगावेसे वाटते की, युद्धपट विसरले गेले, हे दोन राहिले.

युद्ध 1945 साली संपले. कंट्रोल मात्र पुढेही बरीच वर्षे राहिला. लंडनमधील येणे स्वातंत्र्यानंतर करार करून हळूहळू वसूल झाले. भोकाचा पैसा 1947 पर्यंत पाडला जात होता. पुढे 1955 साली दशमान नाण्यांचा कायदा संसदेने संमत केला, तेव्हा अर्थमंत्री चिंतामणरावच होते. 1 एप्रिल 1957 पासून तो अमलात आला, रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले, आणि भोकाचा पैसा आजीच्या चंचीत जाऊन बसला.