दात : आरोग्य आणि शोभा

‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण तापीकाठच्या या शहराने पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने मिरविली आहे. घारी, पोंक आणि खमण यांच्या या नगरीत जेवणाची चर्चा घरोघरी चालते. परंतु ते जेवण ज्यांच्या बळावर चावले जाते त्या दातांची चर्चा मात्र ठणका लागल्यावाचून होत नाही. अलीकडे एक निराळी चर्चा कानी येऊ लागली आहे. मुलामुलींच्या विवाहाचा विचार सुरू झाला की, दात पांढरे करून घ्यावेत काय, वाकडे दात सरळ होतील काय, पुढील दातांवर पातळ पापुद्रे चिकटवून घ्यावेत काय, असे प्रश्न पेढीवर आणि घरात विचारले जातात. प्रस्तुत लेखक दंतवैद्य नव्हे, घाऊक धान्याचा व्यापारी आहे. तथापि या विषयाचे जे वाचन झाले आणि जाणकारांकडून जे समजले, ते सभासद बंधुभगिनींपुढे क्रमाने मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दाताची घडण

मनुष्यास दुधाचे वीस व कायमचे बत्तीस दात येतात. दाताच्या बाहेरील आवरणास दंतवल्क म्हणतात. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. त्याच्या आत पिवळसर रंगाचे दंतिन आणि अगदी गाभ्यात नस व रक्तवाहिन्या असतात. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते. परंतु दंतवल्क एकदा झिजले वा कोरले गेले की ते पुन्हा उगवत नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर दंतवल्क हे मुद्दल आहे. पुढील सर्व विवेचनात ही एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आणखी एक सूचना मातापित्यांसाठी. कायमची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. ती दुधाच्या दाढांच्या मागे येते व तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. त्यामुळे ती दुधाचीच समजून पुष्कळ घरी तिच्याकडे दुर्लक्ष होते, आणि जन्मभर पुरावयाची दाढ बालपणीच किडते.

‘कीड’ या शब्दाचा घोटाळा

धान्याला कीड लागते तशीच दातालाही लागते, असे आपण बोलतो. परंतु धान्यातील किडा डोळ्यांना दिसतो. दातात असा कोणताही किडा नसतो. कानातून वा दातातून किडा काढून दाखविणारे फिरस्ते केवळ हातचलाखी करतात. खरा प्रकार असा की, दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते आम्ल दंतवल्क विरघळविते. लाळेच्या योगे ही हानी हळूहळू भरून निघते, परंतु त्यास साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली, हे अधिक महत्त्वाचे ठरते. जेवणाबरोबर एकदा खाल्लेली घारी तितकी घातक नाही, जितका पेढीवर बसून तासातासाला घेतलेला गोड चहा घातक आहे.

दुसरा मोठा रोग हिरड्यांचा. दातांवरील थर न निघाल्यास तो कठीण होतो. त्यास कीटण म्हणतात. हिरड्या सुजतात, रक्त येते, खालचे हाड झिजते आणि अखेर न किडलेला, न दुखलेला दातही हलू लागतो. कीटण काढल्याने दात ढिले होतात ही समजूत चुकीची आहे. हाड आधीच झिजलेले असते. कीटणाच्या आधाराने दात घट्ट वाटत होता, इतकेच. मधुमेह आणि हिरड्यांचा रोग यांचे नाते तर दुहेरी आहे : एक बळावला की दुसराही बळावतो. बैठ्या व्यवसायातील आपल्या वर्गाने याचा अवश्य विचार करावा.

सुपारी आणि तंबाखू

महाराष्ट्रात मिशेरी व गुजरातेत बजर दातांना लावण्याची चाल जुनी आहे. तिने दात साफ होत नाहीत. तंबाखूचे व्यसन मात्र जडते. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांनी २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी मावा व खैनी यांचे सेवन थांबलेले नाही. पुष्कळ सुशील कुटुंबांत तंबाखू वर्ज्य असतो, परंतु जेवणानंतर सुपारी निरुपद्रवी मानून मुलांच्या हातावरही ठेवली जाते. वाचक बंधूंनो, ही समजूत सोडून दिली पाहिजे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविरहित सुपारीसही कर्करोगकारक ठरविले आहे. सुपारीने गालाची आतील त्वचा ताठर होते, तिखट सोसवत नाही आणि हळूहळू तोंड उघडणे कठीण होते. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसल्यास, अथवा कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरून न आल्यास, दुखत नाही म्हणून थांबू नये, तत्काळ दाखवावी. अशा तोंडातील दात पांढरे करण्याचा विचार तूर्त बाजूस ठेवावा.

डाग कोठून येतात

डाग दोन प्रकारचे असतात. चहा, तंबाखू व पान यांचे डाग बाहेरून बसतात. ते यंत्राच्या साफसफाईने बहुतांशी निघतात. दुसरे डाग दाताच्या आतच असतात, व त्यांचे एक मुख्य कारण पिण्याचे पाणी हे आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ साली आलेल्या फ्रेडरिक मके या दंतवैद्यास तेथील लोकांचे दात तपकिरी आढळले. त्याचे कारण पाण्यातील फ्लोराइड होय, हे सिद्ध होण्यास १९३१ साल उजाडले. आपल्या देशात नेल्लोर भागातील हा विकार १९३७ साली नोंदविला गेला. गुजरातेत मेहसाणा, पाटण व बनासकांठा, तर महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. भारतीय मानकानुसार ते दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. अन्य पाणी उपलब्ध नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते.

हे डाग बालपणी, दात हिरडीखाली घडत असतानाच पडतात. मोठेपणी कितीही घासले तरी ते जात नाहीत. म्हणून अशा गावातील कन्या पाहावयास गेल्यावर तिच्या दातांवरील पिवळ्या-तपकिरी रेषांवरून ती अस्वच्छ आहे असा निष्कर्ष काढणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे. दोष विहिरीचा, शिक्षा मुलीला! स्थळ पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एवढे तरी ध्यानात ठेवावे, अशी कळकळीची विनंती आहे.

शोभेचे उपचार

डाळीला पॉलिश केल्याने ती चकाकते, परंतु किडका माल त्यामुळे निर्दोष होत नाही. दातांचेही तसेच आहे. प्रथम कीड व हिरड्या यांचा उपचार, नंतर शोभा, हा क्रम मोडू नये. शोभेच्या उपचारांतही ज्यात मुद्दल खर्च होत नाही ते आधी, आणि ज्यात होते ते शेवटी, हाच विवेक होय.

१. साफसफाई. कीटण व बाहेरील डाग निघतात. पुष्कळांना एवढेच पुरते.

२. दात उजळणे. पेरॉक्साइडयुक्त औषधाने दाताचा रंग उतरवितात. दात कोरावा लागत नाही. काही दिवस थंड पदार्थ झोंबतात व उजळपणा कालांतराने कमी होतो. कृत्रिम टोप्यांचा वा भरलेल्या मसाल्याचा रंग मात्र बदलत नाही. गरोदर स्त्रियांनी हा उपचार टाळावा. कोळसा, मीठ वा लिंबू घासून दात उजळण्याचा प्रयत्न करू नये. त्याने दंतवल्क झिजते.

३. दात सरळ करणे. तारा किंवा पारदर्शक साचे लावून दात हळूहळू सरकवितात. बहुधा एक ते दोन वर्षे लागतात. प्रौढांनाही हा उपचार घेता येतो. पुढे दात पुन्हा सरकू नयेत म्हणून दिलेली पट्टी नियमाने लावावी, अन्यथा खर्च व्यर्थ जातो.

४. दाताच्या रंगाचा मसाला. तुटलेला कोपरा, फट किंवा डाग या मसाल्याने झाकता येतो. दात फारसा कोरावा लागत नाही. काही वर्षांनी दुरुस्ती लागते.

५. पापुद्रे. चिनी मातीचे पातळ पापुद्रे पुढील दातांवर चिकटवितात. दिसण्यास अत्यंत सुबक. परंतु बहुधा अर्धा मिलिमीटरच्या आसपास दंतवल्क काढावे लागते व ते परत येत नाही. दहापंधरा वर्षांनी पापुद्रे बदलण्याचा प्रसंग येतो. लग्नाच्या तिथीची घाई हे निरोगी दात कोरण्याचे कारण होऊ शकत नाही.

६. गेलेल्या दाताची जागा भरणे. काढता-घालता येणारी कवळी स्वस्त पडते. पुलासाठी शेजारचे दात कोरावे लागतात. तिसरा मार्ग हाडात टिटॅनियमचा खुंट बसविण्याचा. स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णावर हा प्रयोग केला. शेजारील दात यात शाबूत राहतात. परंतु अनियंत्रित मधुमेह व तंबाखू असल्यास अपयशाचा संभव वाढतो.

येथे आपल्या समाजाने एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. खुंटासाठी हाड अपुरे असल्यास हाडाची भुकटी भरतात. ती कित्येकदा गाय वा डुक्कर या प्राण्यांच्या हाडांपासून केलेली असते. रासायनिक रीतीने तयार केलेले कॅल्शियम फॉस्फेट, अथवा रुग्णाचे स्वतःचेच हाड, हे पर्यायही आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी ‘हा पदार्थ कशाचा?’ असे स्पष्ट विचारावे. विचारल्यास दंतवैद्य सांगतात. न विचारल्यास तो विषय निघत नाही.

सौदा करण्यापूर्वी

१९४८ च्या कायद्याने आपल्या देशात दंतवैद्यांची नोंदणी सुरू झाली. उपचार नोंदणीकृत दंतवैद्याकडूनच घ्यावा. माल उचलण्यापूर्वी आपण नमुना पाहतो आणि भाव लिहून घेतो. त्याचप्रमाणे येथेही चार प्रश्न विचारावेत : रोग बरा झाला आहे काय? दात किती कोरावा लागेल? हे किती वर्षे टिकेल? पुढे बदलण्यास खर्च किती? उत्तरे समाधानकारक नसल्यास दुसऱ्या दंतवैद्याचे मत घेण्यात संकोच नसावा.

घरचा नित्यनेम सोपा आहे. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, मऊ ब्रशाने, दोन मिनिटे दात घासावेत. तीन वर्षांखालील बालकास पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी द्यावी व ती गिळू देऊ नये. चौविहार पाळणाऱ्यांनी सायंकाळच्या जेवणानंतर, पच्चक्खाण घेण्यापूर्वीच, दात घासून चुळा भराव्यात; नाहीतर अन्नाचे कण रात्रभर दातांत राहतात. डाळ-तांदूळ निवडूनच शिजवावेत. एका खड्याने दाढ दुभंगते, हे धान्याच्या व्यापाऱ्याने सांगणे अप्रस्तुत ठरू नये. वर्षातून एकदा तरी, काही दुखत नसतानाच, दात दाखवावेत.

मुखाची शोभा हवीशी वाटणे हा दोष नव्हे. मात्र ती शोभा निरोगी दातांचे व्याज म्हणून लाभावी, मुद्दल मोडून विकत घेतलेली नसावी. मुद्दल सांभाळणे आपल्या वर्गास कोणी शिकवावे लागत नाही; तीच दक्षता दातांच्या बाबतीतही बाळगावी, इतकेच सुचवून हा लेख पुरा करतो.