फेनोचा आकडा : दमा किती, की दमा कसा?

दम्याच्या रुग्णांच्या फाइलमध्ये हल्ली स्पायरोमेट्रीच्या जोडीला ‘फेनो’चा रिपोर्टही दिसतो. तपासणी सोपी आहे. पोटभर श्वास घ्यायचा आणि यंत्राच्या नळीत दहाएक सेकंद एकाच वेगाने सोडायचा. श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण पीपीबीमध्ये, म्हणजे शंभर कोटी भागांत किती भाग, असं पडद्यावर उमटतं. मोठ्या माणसांत २५ च्या खालचा आकडा कमी आणि ५० च्या वरचा जास्त धरतात. लहान मुलांत या मर्यादा २० आणि ३५ अशा आहेत. अनेक जण हा रिपोर्ट साखरेच्या रिपोर्टसारखा वाचतात : आकडा वाढला की दमा वाढला, उतरला की बरा झाला. हे वाचन चुकीचं आहे. फेनोवरून दम्याचा जोर कळत नाही. श्वासनलिकेत कोणत्या पेशींचा अंमल चालू आहे, ते कळतं.

हा वायू मुख्यतः श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी तयार करतात. त्यांना तसा हुकूम मात्र प्रतिकारशक्तीच्या पेशींकडून येतो. धूळ, परागकण, बुरशी यांची ॲलर्जी असलेल्या दम्यात ‘टी-हेल्पर २’ आणि त्यांच्या जातकुळीतल्या पेशी इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ ही रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे अस्तरात नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम वाढतं आणि श्वासातला आकडा चढतो. याच पेशी इंटरल्युकिन-५ सोडून इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींनाही बोलावून घेतात. दोन्ही गोष्टी बहुधा सोबत वाढतात, म्हणून फेनो म्हणजे इओसिनोफिलचंच माप, असा समज झाला. नव्या औषधांनी तो खोडून काढला. इंटरल्युकिन-५ अडवणाऱ्या मेपोलिझुमॅबने रक्तातले इओसिनोफिल झपाट्याने घटतात, पण फेनो फारसा हलत नाही. इंटरल्युकिन-४ आणि १३ या दोघांचा मार्ग रोखणाऱ्या डुपिलुमॅबने मात्र फेनो स्पष्टपणे उतरतो.

मग फेनो कमी आला म्हणजे दमा नाहीच, असं कुणी म्हणेल. तसं नाही. काहींच्या श्वासनलिकेत न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचा जोर असतो. त्यांना धाप लागते, छातीत सुंई-सुंई वाजतं, तरीही फेनो कमीच राहतो. सिगारेट ओढणाऱ्यांतही आकडा खाली येतो. उलट ॲलर्जीची सर्दी असेल किंवा तपासणीआधी पालक-बीटसारख्या नायट्रेटयुक्त भाज्या खाल्ल्या असतील, तर तो वाढू शकतो. आकडा इतक्या गोष्टींनी हलत असेल तर तपासणी करायचीच कशाला, हा पुढचा आक्षेप. त्याचं उत्तर उपचारात आहे. श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड नेमकी ‘टी-हेल्पर २’ पेशींच्या बाजूची सूज आवरतं. त्यामुळे फेनो जास्त असलेल्या रुग्णाला त्या पंपाचा गुण येण्याची शक्यता अधिक असते. स्टेरॉइडचा पंप चालू असूनही आकडा चढाच राहिला, तर डोस वाढवण्याआधी पंप रोज घेतला जातो का आणि औषध छातीत पोचतं की घशातच राहतं, हे पाहावं लागतं.

तेव्हा तपासणीच्या आधी तासभर खाणंपिणं, सिगारेट आणि व्यायाम टाळा आणि फेनो स्पायरोमेट्रीच्या आधी करून घ्या. शक्यतो प्रत्येक वेळी एकाच प्रकारच्या यंत्रावर तपासा आणि सर्दी झाली असेल तर तसं सांगा. रिपोर्ट हाती आल्यावर रात्रीचा खोकला, धाप आणि आराम देणाऱ्या पंपाचा वापर यांच्यासोबतच तो डॉक्टरांना दाखवा. आणि आकडा कमी आला म्हणून स्टेरॉइडचा पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका. बऱ्याचदा तो आकडा त्या पंपामुळेच कमी आलेला असतो.