मधुमेहाच्या संशोधनात रुग्णाची साक्ष

रक्तातील साखर किती, मूत्रपिंडे कशी काम करतात, दृष्टिपटलाला इजा झाली आहे काय, हे प्रयोगशाळा आणि वैद्य सांगू शकतात. परंतु दिवसातून चार वेळा बोटाला सुई टोचून घेण्याचा कंटाळा, झोपेत साखर एकाएकी उतरेल ही धास्ती किंवा लग्नाच्या पंगतीत ताट पुढे आल्यावर वाटणारा संकोच यांची नोंद कोणत्याही यंत्रात होत नाही. ती रुग्णानेच द्यावयाची असते. इतर कोणी तिचा अर्थ न लावता रुग्णाने स्वतः दिलेल्या अशा माहितीला ‘रुग्णनिवेदित परिणाम’ म्हणता येईल.

या साक्षीची गरज का भासली, हे अमेरिका व कॅनडा येथे १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या एका मोठ्या चाचणीवरून ध्यानात येते. इन्शुलिनवर अवलंबून असलेले १,४४१ रुग्ण तीत सहभागी होते. त्यांपैकी निम्म्यांना काटेकोर उपचार देण्यात आले : दररोज तीन वा अधिक इंजेक्शने किंवा पंप, आणि किमान चार वेळा रक्ततपासणी. ज्यांचे डोळे आरंभी निर्दोष होते त्यांच्यात दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मात्र साखर धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. तेव्हा डोळे वाचविताना रुग्णाचे जगणेच जिकिरीचे तर होत नाही ना, असा प्रश्न होता. त्यासाठी समाधान, चिंता व दैनंदिन जीवनावरील परिणाम यांविषयी खास प्रश्नावली तयार करण्यात आली. दोन्ही गटांच्या उत्तरांत लक्षणीय फरक आढळला नाही.

हा निष्कर्ष मात्र जपूनच वापरावयास हवा. ते रुग्ण स्वेच्छेने आले होते. परिचारिका व आहारतज्ज्ञ त्यांच्या सतत संपर्कात होते. मजुरी बुडवून तालुक्याच्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाचे उत्तर तेच असेल, असे धरून चालता येत नाही.

भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यासाठी परदेशी प्रश्नावली शब्दशः उतरवून भागत नाही. मनाचा थकवा विचारावयाचा, तर ‘नैराश्य’ हा शब्द अनेकांना परका वाटतो. ‘कशातच मन लागत नाही’ हे त्यांना चटकन कळते. म्हणून एकाने मराठीत अनुवाद करावा, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने तो पुन्हा मूळ भाषेत न्यावा, दोन्ही ताडून पाहावे आणि नंतर काही रुग्णांना वाचून दाखवून त्यांना काय समजले ते विचारावे, अशी पद्धत आहे. दिल्लीतील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३४ प्रश्नांच्या भारतीय प्रश्नावलीत पैशाची चिंता आणि पथ्याविषयीचे समाधान यांनाही स्थान मिळाले, हे योग्यच झाले.

प्रश्न कोण विचारतो, यानेही उत्तर बदलते. औषध देणाऱ्यानेच ‘बरे वाटते ना?’ असे विचारले, तर भिडेखातर ‘होय’ म्हटले जाते. सासू शेजारी बसली असता सून पथ्याच्या अडचणी सांगेलच असे नाही. निरक्षर रुग्णास प्रश्न वाचून दाखवावे लागतात. तेव्हा वाचणारा उपचार करणाऱ्यांपैकी नसावा, प्रश्न सर्वांना त्याच शब्दांत विचारावा आणि उत्तर सुचवू नये. अधिक आजारी माणसे बहुधा प्रश्नावली अर्धवट सोडतात किंवा पुढील भेटीला येतच नाहीत. त्यांना वगळून सरासरी काढली, तर उपचार आहे त्याहून सुसह्य दिसतो. यासाठी किती प्रश्नावल्या कोऱ्या राहिल्या आणि कोणाच्या, हेही अहवालात नोंदवावे लागते.