केशरोपणानंतर डोक्याच्या त्वचेची निगा : रुग्ण व कुटुंबीयांसाठी

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च व कार्यवृत्तांताबरोबर आरोग्यशिक्षणपर एक लेख देण्याची आमची प्रथा आहे. यंदा केशरोपण शस्त्रक्रियेनंतर डोक्याच्या त्वचेची निगा कशी राखावी, हा विषय निवडला आहे. धर्मादाय रुग्णालयाच्या अहवालात हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही देणगीदारांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. केशरोपण म्हणजे हौसेची शस्त्रक्रिया, अशी सर्वसाधारण समजूत आहे. म्हणून प्रथम त्याविषयी थोडे.

१९३९ साली जपानमधील डॉ. शोजी ओकुदा यांनी केस असलेल्या त्वचेचे बारीक गोल तुकडे काढून ते केस गेलेल्या जागी बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्यासमोर होते ते भाजल्यामुळे वा इजेमुळे डोक्यावर व्रण पडलेले रुग्ण. पुढे महायुद्धाच्या काळात हे काम जपानबाहेर फारसे पोहोचले नाही. १९५९ साली न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी पुरुषांच्या टकलावरील रोपणाचे निष्कर्ष मांडले आणि ही शस्त्रक्रिया सर्वत्र परिचित झाली. म्हणजे तिचा आरंभ हौसेतून झालेला नाही, तो जखमी माणसाच्या गरजेतून झाला आहे. आजही स्टोव्हच्या भडक्याने डोके भाजलेली गृहिणी, यंत्राच्या पट्ट्यात केस सापडून त्वचा सोलवटलेली कामगार स्त्री, अपघातात भुवई गमावलेला तरुण, अशांना या शस्त्रक्रियेने लोकांत उघड्या चेहऱ्याने वावरता येते. ज्यांचे केस आनुवंशिकतेने गेले त्यांचे दुःखही आम्ही क्षुल्लक मानत नाही.

निगेला एवढे महत्त्व का?

डोक्याच्या मागील व कानांवरील भागातील केस बहुधा आयुष्यभर टिकतात. तेथील केशमुळे काढून उजाड जागी लावली तरी ती आपला मूळ गुणधर्म सोडत नाहीत, हेच ऑरेंट्राइक यांनी दाखवून दिले. निसर्गतः केस एक ते चार अशा लहान झुबक्यांनी उगवतात. हल्ली असा एकेक झुबका मुळासह उचलून बारीक छिद्रात बसविला जातो. या झुबक्यालाच ग्राफ्ट म्हणतात. काही वेळा मागील त्वचेची अरुंद पट्टी काढून तिच्यातून ग्राफ्ट वेगळे करतात, तर काही वेळा ते एकेक करून थेट काढले जातात.

येथे एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने मनाशी पक्की करावी. ज्या भागातून ग्राफ्ट घेतले तेथे त्यांच्या जागी पुन्हा नवे केस येत नाहीत. दुसऱ्या व्यक्तीचे केसही लावता येत नाहीत, कारण शरीर ते स्वीकारत नाही. प्रत्येकाजवळचा हा साठा ठरलेला आणि मर्यादित असतो. निष्काळजीपणाने गळून पडलेला ग्राफ्ट कायमचा गेला असेच समजावे. शस्त्रक्रिया एका दिवसात आटोपते. लावलेले केस टिकविण्याचे काम मात्र पुढे घरी, घरच्यांच्या हातून व्हायचे असते.

पहिले दहा दिवस

पहिले दोन-तीन दिवस ग्राफ्टला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. भोवतालच्या पाझरणाऱ्या द्रवावर तो तग धरतो. नंतर हळूहळू सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि साधारण नऊ-दहा दिवसांत तो घट्ट रुजतो. तोपर्यंत ओढ, घासणे, खाजवणे आणि आघात हे त्याचे चार शत्रू होत.

रुग्णाने पहिल्या आठवड्यात दोन-तीन उशा घेऊन, डोके उंच ठेवून उताणे झोपावे. उशीचा अभ्रा रोज धुतलेला असावा. अंगात डोक्यावरून घालण्याचा बनियन वा कुडता नसावा, पुढून बटणे असलेला सदरा घालावा. वाकून पाणी भरणे, फरशी पुसणे, ओझे उचलणे ही कामे इतरांनी करावीत. घरात लहान मूल असल्यास त्याला रुग्णाच्या कडेवर वा छातीशी देऊ नये, कारण मुलाचा हात प्रथम केसांकडेच जातो.

दुसऱ्या ते पाचव्या दिवसांदरम्यान कपाळावर, कधी डोळ्यांभोवती सूज उतरते. ती बहुधा आपोआप ओसरते. कपाळावर भुवयांच्या वर कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवता येतो, परंतु रोपण केलेल्या जागेवर तो कदापि ठेवू नये. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सलाईनचा फवारा मारून ती जागा ओलसर ठेवावी.

डोके कसे धुवावे?

डोके बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या दिवसापासून धुतात. नेमका दिवस डॉक्टरच ठरवतील. धुतले तर केस निघतील या भीतीने पुष्कळ रुग्ण आठवडाभर पाणी लावत नाहीत. त्यामुळे खपल्या जाड होतात व त्यांखाली जंतुसंसर्गास वाव मिळतो. पाणी उकळून कोमट केलेले असावे. विहिरीचे वा कूपनलिकेचे गढूळ पाणी तसेच वापरू नये. लहान मुलांचा सौम्य शाम्पू तळहातावर फेसून तो फेस केवळ टेकवावा, चोळू नये. दोन-तीन मिनिटांनी तांब्याने जवळून, सावकाश पाणी सोडावे. शॉवर वा नळाची जोराची धार नको. नंतर रोपणाची जागा हवेवर वाळू द्यावी.

सातव्या-आठव्या दिवसापासून फेस थोडा अधिक वेळ ठेवून बोटांच्या पेरांनी अलगद फिरवावा. याप्रमाणे बहुतेक खपल्या दहा-बारा दिवसांत गळतात. नखाने एकही खपली काढू नये. प्रारंभीच्या दिवसांत खपलीबरोबर ग्राफ्टही निघून येतो.

मागील भागाची काळजी

सर्वांचे लक्ष पुढच्या भागाकडे असते आणि ज्या भागाने केस दिले त्याच्याकडे दुर्लक्ष होते. पट्टी काढली असल्यास टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तेथे ताण पडला तर व्रण रुंद होतो, म्हणून चार आठवडे जड व्यायाम वर्ज्य करावा. एकेक ग्राफ्ट काढला असल्यास बारीक छिद्रे आठवडाभरात बहुतांशी भरून येतात. या भागात काही आठवडे, क्वचित काही महिने, बधिरता राहू शकते. अशा जागेला चटका बसला तरी कळत नाही, म्हणून कडकडीत पाणी व गरम हवेचे यंत्र टाळावे.

घरगुती उपायांविषयी

आपल्याकडे डोक्याला तेल लावणे हे मायेचे लक्षण मानतात. तरीही डॉक्टरांच्या परवानगीवाचून खोबरेल तेल, हळद, कोरफड, कांद्याचा रस, लेप वा कोणताही काढा लावू नये. ताज्या जखमेवर हे पदार्थ दाह वा संसर्ग निर्माण करू शकतात. केसांना रंग लावण्यापूर्वी निदान महिनाभर थांबावे. सिगारेट व बिडीबरोबरच तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांतूनही निकोटिन शरीरात जाते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ग्राफ्टचे पोषण खुंटते. मिश्री लावणाऱ्या भगिनी हे व्यसन सहसा सांगत नाहीत. ते आधीच सांगावे.

पहिले दोन आठवडे फेटा, घट्ट टोपी वा शिरस्त्राण वापरू नये. याचा अर्थ दुचाकी विनाहेल्मेट चालवावी असा नव्हे, तर तेवढे दिवस दुचाकीच चालवू नये. पदर घ्यायचा तर सैल घ्यावा. नदी, समुद्र वा तलावात महिनाभर पोहू नये. दोन-तीन महिने कडक ऊन टाळावे. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकाराची चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

केस गळू लागतात तेव्हा

साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेल्या केसांपैकी बरेचसे गळून जातात. हा काळ रुग्णाच्या मनाला सर्वाधिक जड जातो. खर्च वाया गेला, असे घरचेही बोलून दाखवतात. वस्तुतः वरचा केस गळतो, मूळ त्वचेत शाबूत असते आणि काही काळ विश्रांती घेते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बारीक केस दिसू लागतात, सहा ते नऊ महिन्यांत भरणा जाणवतो आणि अंतिम रूप दिसण्यास बारा ते अठरा महिने लागतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटरच वाढतो, हे ध्यानात ठेवावे. या काळात टोमणा न मारणे हीसुद्धा शुश्रूषाच होय.

भाजल्याच्या व्रणावर रोपण केले असेल तर अधिक धीर हवा. व्रणाच्या त्वचेत रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ग्राफ्ट विरळ लावतात, त्यांपैकी काही रुजत नाहीत आणि बऱ्याचदा पुढे दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

धोक्याच्या खुणा

पुढीलपैकी काहीही आढळल्यास रात्र असो वा सुट्टी, त्वरित रुग्णालयात यावे : ताप, कमी होण्याऐवजी वाढत जाणारी वेदना व लाली, पू वा दुर्गंधी, त्वचा निळसर-काळी पडणे, स्वच्छ कापडाने पंधरा मिनिटे दाबूनही न थांबणारा रक्तस्राव. औषध घेतल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे वा श्वास लागणे ही प्राणघातक ॲलर्जीची लक्षणे असू शकतात. तेव्हा क्षणाचाही विलंब करू नये. काही महिन्यांनी येणाऱ्या एक-दोन पुटकुळ्या मात्र बहुधा नव्या केसाच्या वाटेवरच्या असतात. त्या फोडू नयेत, दाखवून घ्याव्यात.

शस्त्रक्रिया कोठे करावी?

चांगल्या निगेचा आरंभ योग्य हातांपासून होतो. स्वस्त जाहिरातीला भुलून, प्रसंगी कर्ज काढून, डॉक्टर नसलेल्यांकडून रोपण करून घेतलेले आणि नंतर संसर्ग घेऊन आलेले रुग्ण आम्हाला पाहावे लागतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्लास्टिक सर्जरी वा त्वचारोगशास्त्राचे रीतसर शिक्षण व प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच ही शस्त्रक्रिया करावी, केवळ कार्यशाळेला हजेरी लावून वा चित्रफिती पाहून ती करू नये, असे त्यांत बजावले आहे. डॉक्टरांची पदवी व नोंदणी विचारण्यात रुग्णाने संकोच करू नये. तो त्याचा हक्क आहे.

सलाईन, सौम्य शाम्पू, धुतलेले अभ्रे आणि घरातील एका जाणत्या माणसाचा वेळ, एवढ्यावर ही निगा होते. देणगीदारांच्या साहाय्याने शस्त्रक्रियेचा भार हलका करता येतो, परंतु पुढील दहा दिवस रुग्णाच्या उशाशी कुटुंबीयांनाच बसावे लागते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी हे पान कापून हाताशी ठेवावे आणि शंका आल्यास शेजाऱ्याला विचारण्याऐवजी आमच्या बाह्यरुग्ण विभागात यावे, अशी नम्र विनंती आहे.